ड्रॉवरातला साबण

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. शेतातल्या बोडीत चारी बांधांचं पाणी आपोआप येऊन साचतं, तसे ते साचतात, आणि नोकरी संपल्यावर माणसाला कळतं की आपल्याजवळ बरंच साचलंय. आमच्या पथकातले आम्ही जुने लोक कोणाच्या पोरीच्या लग्नात भेटलो की एका कोपऱ्यात खुर्च्या ओढतो आणि सुरू होतो. खूप हसतो. फरक एवढाच, की दुसऱ्या खात्यातले लोक जुने किस्से सांगताना एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आम्ही हसता हसता आपापल्या चपलांकडे बघायला लागतो.

कारण सांगतो. आमचं खातं कुष्ठरोगाचं. ऐंशीच्या आगेमागे तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, भाड्याच्या कौलारू घरात आमचं पथक होतं. सायकलीवर गावोगाव हिंडायचं, लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे, गोळ्या द्यायच्या, आणि चावडीवर, शाळेत, बाजारात, जिथं चार माणसं दिसतील तिथं सांगायचं, "हा रोग हात लावल्यानं होत नाही. सोबत जेवल्यानं होत नाही. घाबरू नका." हे मी इतक्यांदा बोललो की झोपेतही बडबडायचो, असं बायको सांगते.

तपासायची रीतही आत्ताच सांगून ठेवतो. आमच्या खिशात पेनाशेजारी कोंबडीचं पीस असायचं. रोग्याला डोळे मिटायला सांगायचं, पीस अंगाला हळूच लावायचं, आणि जिथं लागलं तिथं त्यानं बोट ठेवायचं. चांगल्या चामडीवर लागलं की बोट लगेच येतं. बधिर चट्ट्यावर लागलं की माणूस डोळे मिटून तसाच बसून राहतो, अजून लावलंच नाही असं समजून. म्हणजे आम्हाला कळलेलं असायचं आणि त्याला अजून कळायचं असायचं. तो वेळ फार वाईट.

पथकात आम्ही पाच जण. डॉक्टर साहेब, नवेच लागलेले. निंबार्ते साहेब सुपरवायझर, वयानं सगळ्यांत मोठे. हटवार आणि मी गावोगाव फिरणारे तपासनीस. पाचवा श्रावण, परिचर. श्रावण आमचाच जुना रोगी. घरी धानाची शेती, पण चट्टा दिसला तसा भावांनी त्याची खाट गोठ्यात टाकली होती. बरीच वर्षं गोळ्या खाऊन तो पूर्ण बरा झाला, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. बरा झाल्याचा कागद तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. डॉक्टर साहेबांनी खटपट करून त्याला आमच्याकडे लावून घेतलं. बरा झालेला माणूस आपल्याच ऑफिसात काम करताना दिसला म्हणजे लोकांना पटेल, असा त्यांचा विचार.

लोकांना पटलंही असेल. पंचाईत आमची होती.

माझंच सांगतो. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरात, पत्र्याच्या डबीत, माझा स्वतःचा एक लाल साबण होता. ड्रॉवरला कुलूप, किल्ली जानव्यासारखी गळ्यात. श्रावणनं रजिस्टर आणून दिलं, मी सही केली, की साबण काढून मागच्या हौदावर जायचो आणि कोपरापर्यंत हात धुवायचो. कोणी विचारलं तर म्हणायचो, शाई लागते. श्रावणनं कधी विचारलं नाही. त्या साबणाचा किस्सा शेवटी सांगतो. आधी दुसऱ्यांचे सांगणं सोपं जातं.

*

ऑफिसच्या मागं एकच संडास. त्याच्या कडीला हटवार हात लावायचा नाही. म्हणायचा, "मी भेत नाही. पण दहा जनाचे हात लागतात ना कडीले." ऑफिसात माणसं पाच!

तो वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन आत जायचा, कागदानं कडी लावायचा आणि त्याच कागदानं काढायचा. एका पावसाळ्यात कागद हातातून सुटून खाली पाण्यात पडला. आम्ही ऑफिसात बसलेलो, आणि मागून हाक आली.

"निंबार्ते साहेब, दार उघडा ना."

निंबार्ते साहेब गेले. मीही गेलो. "कडी आतून हाये हटवार. मी बाहेरून कशी काढू?"

"कडी दिसून राहिली मले. कागद पडला."

"मंग हातानं काढ."

मग हळूच, "दाराखालून दुसरा कागद सरकवता का?"

कागद आणायला आम्ही आत गेलो. टेबलावर नुसते छापील सरकारी फॉर्म, आणि ते द्यायला निंबार्ते साहेब तयार होईनात. आमची चर्चा चालू असताना हटवार बाहेर येऊन उभा राहिला. हातात पळसाचं पान. परसातल्या झाडाचं तोडून कोणीतरी दाराखालून सरकवलं होतं. हटवारला हुशारी फार आवडली. "कोनं देल्लं पान?" त्यानं विचारलं. कोपऱ्यातून श्रावण म्हणाला, "म्या देल्लं साहेब."

हटवारनं एकदा पानाकडे बघितलं, एकदा आपल्या हाताकडे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साबन दे."

दुसऱ्या दिवशी संडासाच्या दाराशी खिळ्याला पळसाच्या पानांची जुडी टांगलेली. श्रावण रोज सकाळी ताजी पानं आणून टांगायचा. हटवारसाठी म्हणून आणलेली ती पानं आठवडाभरात आम्ही सगळेच वापरायला लागलो.

*

डॉक्टर साहेबांचं तसं श्रावणशी काही वाकडं नव्हतं. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. त्यांची धास्ती एसटी स्टँडच्या मुतारीची. महिन्याच्या मीटिंगला आम्ही भंडाऱ्याला जायचो, तेव्हा ते बाहेर उभं राहून छातीभर श्वास घ्यायचे, तो रोखून आत जायचे आणि बाहेर येऊनच सोडायचे.

एकदा आत एका गावचे सरपंच उभे. "रामराम डॉक्टर साहेब." साहेबांनी मान हलवली. "मायच्या पायाचं दाखवाचं होतं. दवाखान्यात आनू का घरीच राहू देऊ?" साहेबांचे गाल फुगलेले, डोळे लाल. त्यांनी पुन्हा मान हलवली. "म्हनजे काही उपाय नाही?" साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते सरपंचाच्या दंडावर थोपटून पळत बाहेर गेले. श्वास सोडून मागं वळेपर्यंत सरपंच बसमध्ये बसून गेलेले.

चार दिवसांनी मी त्या गावाला तपासणीला गेलो तर सरपंचाच्या घरी ही गर्दी. लेकी, जावई, नातवंडं, सगळे म्हातारीच्या खाटेभोवती. सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर साहेबाले बोलताच आलं नाही. रडले बिचारे."

म्हातारीच्या टाचेला भेग पडली होती. ती खाटेवर बसून लेकींनी आणलेले लाडू खात होती.

*

निंबार्ते साहेबांसारखं भाषण आमच्यात कोणाला जमत नसे. "सोबत जेवा, सोबत उठा-बसा," असं ते इतक्या जीव ओतून सांगायचे की बाया पदरानं डोळे पुसायच्या. अशा एका भाषणानंतर गिरजाबाई नावाची म्हातारी उठली. तीही आमच्या गोळ्यांनी बरी झालेली. म्हणाली, "साहेब, तुमी इतकं चांगलं बोलले. माह्या घरी चहा घ्या."

"आज एकादशी हाये ना बाई."

"एकादशीले चहा चालते."

"माह्यावाली कडक असते."

पुढच्या महिन्यात संकष्टी. त्याच्या पुढच्या महिन्यात गुरुवार. मग नवस. असं करत करत साहेबांचे उपास वर्षभर चालले, आणि गावात त्यांचं नाव मोठं झालं. एवढा शिकलेला माणूस, सरकारी नोकरी, आणि पाण्याच्या थेंबालाही शिवत नाही! सप्ताह झाला तेव्हा गावानं त्यांना मानानं बोलावलं. पंगत बसली. आमच्या पत्रावळीवर भात, वडे, कढी, पातळभाजी. साहेबांना वेगळा पाट, वेगळं आसन, आणि समोर दोन केळी. हटवार मुद्दाम त्यांच्यासमोर बसून वडे खात होता.

परत निघताना वाटेत गिरजाबाईचं घर लागलं. ती ओट्यावरच बसलेली. निंबार्ते साहेबांना त्या दिवशी खरंच भूक लागलेली, आणि बहुतेक थोडी लाजही वाटली असेल. ते सायकलीवरून उतरले आणि म्हणाले, "बाई, आज चहा मांडा. आज उपास नाही."

गिरजाबाई उठली नाही. म्हणाली, "आता मी कोनाले चहा देत नाही, साहेब. तुमचा उपास मले समजला."

सायकली हातात धरून आम्ही गावाच्या शिवेपर्यंत चालतच गेलो.

*

नागपूरहून मोठे साहेब तपासणीला आले तेव्हाची गोष्ट. आमची घासपूस आठवडाभर चाललेली. कागद नीट, रजिस्टर नीट, पळसाची जुडी लपवलेली. गावातली पंधरा-वीस माणसंही बोलावली होती.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर श्रावणला जवळ घेतलं. म्हणाले, "बघा, हा तुमच्यातलाच माणूस. बरा झाला, आज सरकारी कचेरीत काम करतो. श्रावण, मला एक ग्लास पाणी दे."

श्रावण जागचा हलला नाही. त्यानं निंबार्ते साहेबांकडे बघितलं. निंबार्ते साहेबांनी डोळ्यांनी खूण केली, तेव्हा तो माठाकडे गेला. ग्लास भरून आणला. मोठे साहेब घटाघटा प्यायले, ग्लास उलटा करून लोकांना दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तर सगळ्यांत जोरात.

"पाणी फार गोड आहे," साहेब म्हणाले. "कुठल्या विहिरीचं रे?"

"मले नाही मालूम साहेब," श्रावण म्हणाला. "माठ हटवार साहेब भरतात. माह्यं पानी मी घरून शिशीत आनतो."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. साहेबांनी विचारलं म्हणून त्यानं सांगितलं. मोठ्या साहेबांनी ग्लास टेबलावर ठेवला. मग भेटीच्या वहीत त्यांनी लिहिलं, पथकाचे काम समाधानकारक आहे.

त्यांची जीप वळणाआड गेली आणि हटवारनं माठ उपडा करायला घेतला. मी त्याला अडवलं नाही. माठ एकट्याला उचलेना, म्हणून दुसरी बाजू मी धरली.

*

धानाच्या रोवणीचे दिवस होते. एक शेतकरी चिखलाच्या पायांनीच ऑफिसात आला आणि निंबार्ते साहेबांना म्हणाला, "तुमचा मानूस रोज सकाळी डबा घेऊन आमच्या तलावाच्या पाळीवर येऊन राहिला. तुमीच गावाले सांगता ना, संडास बांधा म्हनून?"

माणूस म्हणजे श्रावण. निंबार्ते साहेबांचा पारा चढला. खात्याच्या अब्रूचा प्रश्न! त्यांनी लगेच मेमो काढला. शासकीय कर्मचारी असूनही उघड्यावर शौचास बसून खात्याची प्रतिमा मलिन केली, तरी लेखी खुलासा करावा.

श्रावणला सहीपुरतं लिहिता यायचं. खुलासा लिहून द्यायला तो माझ्याकडे आला. दोन हात अंतर ठेवून उभा राहिला. मी कागद घेतला आणि विचारलं, "ऑफिसात संडास हाये ना? मंग तलावावर काहून जाते?"

तो म्हणाला, "मी गेलो का हटवार साहेब दिवसभर जात नाही. दाबून धरतात. पोटाले बरं नाही ते."

माझा पेन थांबला. "हे लिहू काय?"

"नोका लिहू साहेब. त्याहीले वाईट वाटंल. लिहा, चूक झाली. उद्यापासून दुसऱ्या तलावाच्या पाळीवर जातो."

मी तसंच लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. निंबार्ते साहेबांनी कोपऱ्यात शेरा मारला, खुलासा मान्य. तो कागद फाइलला लागला. श्रावणची सही घेऊन झाल्यावर मी साबण काढला आणि हौदावर गेलो. त्या दिवशी शाईचं कारण खरं होतं, पण मी काही शाईसाठी हात धुतले नाहीत.

*

आता माझा.

त्या उन्हाळ्यात अंघोळीनंतर बायको म्हणाली, "दंडाच्या मागं हे काय पांढरं?" मी म्हटलं, घामानं असेल. ती आत गेल्यावर आरशात पाठ वळवून बघितलं. रुपयाएवढा फिकट डाग. असे डाग मी लोकांच्या अंगावर बघत आलो होतो, आणि बघितल्याबरोबर आवाज अगदी नेहमीसारखा ठेवून विचारत आलो होतो, "किती दिवसांपासून आहे?"

पुढं तो डाग साध्या शिब्याचा निघाला, मलम लावून गेला. पण ते पुढं. ते आठ दिवस मी कसे काढले ते मला माहीत. पोट बरं नाही म्हणून वेगळं ताट घ्यायला लागलो. पोरगी मांडीवर येऊन बसली तर काहीतरी निमित्त काढून उठायचो. स्वतःच जगाला सांगतोय की हात लावल्यानं होत नाही, आणि स्वतःच्या पोरीला हात लावत नाही.

डॉक्टर साहेबांना दाखवायचं, तर त्यांनी मला नीटच वागवलं असतं. पण ऑफिसात गोष्ट राहते कुठं? हटवारनं माझ्यासाठी पळसाचं पान काढलं असतं. निंबार्ते साहेबांना माझ्या घरच्या चहाच्या वेळी एकादशी आली असती. हे मी कशावरून म्हणतो? ते मला ओळखतात तसा मी त्यांना ओळखतो, आणि मी स्वतःलाही ओळखतो.

स्वतःची स्वतः तपासणी करता येत नाही. आपणच पीस लावलं तर कुठं लागलं ते मनाला आधीच ठाऊक असतं. दुसरं माणूस लागतं.

मंगळवारी बाजार होता. निंबार्ते साहेब आणि हटवार बाजारात तपासणीला गेले, डॉक्टर साहेब मीटिंगला. ऑफिसात मी आणि श्रावण. दुपार झाल्यावर मी पुढचं दार लोटलं, सदरा काढला आणि त्याला हाक मारली.

"श्रावण, एक काम हाये. कोनाले सांगायचं नाही."

मी त्याच्यासमोर पीस धरलं आणि दंड वळवून दाखवला. वर्षानुवर्षं त्यानं आम्हाला हे करताना बघितलं होतं, त्याच्या स्वतःच्या अंगावरही झालं होतं. समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यानं डागाकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता याच्या तोंडावर काहीतरी दिसेल. दिसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. काही दिसलं नाही. तो दोन पावलं पुढं आला, पीस घ्यायला हात उचलला आणि मध्येच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ड्रॉवरातली साबन देता काय, साहेब? लालवाली. हात धुऊन येतो, मंग लावतो."

त्याला त्या साबणाचं सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. राहू दे, तसाच लाव, असं म्हणायला हवं होतं. मी गळ्यातली किल्ली काढून दिली.

तो हौदावर गेला. पाणी पडल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी जितका वेळ धुवायचो, बरोबर तितकाच वेळ. तो परत आला, डबी बंद करून जागच्या जागी ठेवली, ड्रॉवर लावला, किल्ली टेबलावर ठेवली. पीस घेऊन माझ्या मागं उभा राहिला.

"डोये मिटा, साहेब."

मी डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट तयार ठेवलं. कुठं लागतंय म्हणून सगळं लक्ष दंडाशी नेलं. काही लागलं नाही. अजून थोडा वेळ गेला. काहीच लागलं नाही. बाहेरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज दूर जाऊन थांबला, तरी मी बोट धरून तसाच बसलेलो. किती माणसांना मी असं बसलेलं बघितलं होतं. शेवटी मला राहवेना.

"श्रावण," मी विचारलं, "लावलं काय?"

"नाही साहेब," तो म्हणाला. "हात ओले हायेत अजून. वाळू द्या."